मागची चाकं सगळे बघतात, अडकतं पुढचं

ऑफरोड व्हीलचेअर म्हटलं की समोरचा माणूस पहिल्यांदा मागच्या चाकांकडे बघतो. जाड टायर, खोल नक्षी, की झालं, त्याला वाटतं आता ही कुठंपण जाणार. नाही जात. मागचं चाक चोवीस इंची असतं, ते असंही बऱ्याच गोष्टींवरून जातं, अगदी साध्या टायरवरसुद्धा. अडकतं ते पुढचं, पायाखालचं, टीचभर, भरीव रबराचं. मुरमात रुततं, दगडाला थडकतं, आणि ते थांबलं की खुर्ची थांबते पण आपण थांबत नाही, आपण पुढं. ओळखीतले दोघंतिघं सध्या गावाकडं वापरायला खुर्ची घ्यायच्या बेतात आहेत आणि सगळ्यांनी मला फोटो पाठवलेत ते मागच्या टायरचे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, परत परत फोनवर सांगायला नको.

आधी माझी केस सांगतो म्हणजे तुमची वेगळी कुठं आहे ते कळेल. मी पॅराप्लेजिक, म्हणजे दोन्ही पाय लुळे, इजा डी-१२ ला (छातीच्या भागातला शेवटचा मणका), कंबरेखाली संवेदना नाही, हात आणि छाती ठणठणीत. नोकरी पुण्यात, गाव पुरंदरमध्ये सासवडच्या पुढं, थोडी अंजीर आणि सीताफळाची बाग. घरापासून बागेपर्यंत पाणंद आहे, किलोमीटरच्या आतच, पण त्या तेवढ्यात डांबर सोडून सगळं येतं: सुटा मुरूम, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, एक ओढ्याचा उतार, मग बांध, मग बागेतली ढेकळं. मानेला मार असेल, हातात ताकद कमी असेल तर मी खाली लिहिलेलं निम्मं तुम्हाला लागू नाही, तुम्ही बॅटरीच्या गाडीकडंच बघा आणि तेही ज्या सेंटरला रिहॅब झालं तिथल्या ओटीला (ऑक्युपेशनल थेरपिस्टला) विचारून. मुंबईत हाजीअलीच्या सरकारी इन्स्टिट्यूटमध्ये किंवा जिथं सीटिंग क्लिनिक (अंगाच्या मापानं खुर्ची ठरवून देणारं) चालतं तिथं एकदा नीट मापं घेऊन या, हे मी हात जोडून सांगतो, कारण सीट दोन इंच रुंद असली की शहरात चालून जातं, खडबडीत वाटेवर माणूस त्यात डावीउजवीकडं आपटत राहतो.

आता पहिली गोष्ट. खुर्चीवर पैसा घालायच्या आधी वाट बघा. म्हणजे खरंच कुणाला तरी मोबाईल घेऊन चालायला लावा आणि जिथं जिथं अडेल असं वाटतं तिथं फोटो. आमच्या दादानं असं केलं तेव्हा लक्षात आलं की बागेत सगळ्यात मोठा अडथळा दगड नव्हताच, ड्रिपची मेन लाईन होती. १६ मिलिमीटरच्या बारीक नळ्या चाकाखालून जातात, थोडा हिसका बसतो, बास. पण ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप वाटेवर आडवा उघडा पडलेला असेल तर हातानं ढकलायची कुठलीही साधी खुर्ची तिथं उभी राहते. दोन माणसं लावली, पाईप गाडला, वर माती दाबली, संपलं. तो पाईप ओलांडायला कुणी मला चाळीस-पन्नास हजारांचं काहीतरी विकलं असतं. तसंच मुरमाचं. सुटा मुरूम म्हणजे बॉलबेअरिंगवरून चालणं, पण तोच पाणी मारून रोलर फिरवून दाबला की मस्त चालतो, आणि चार फूट रुंदीचा पट्टा पुरतो, अख्खा रस्ता करायची गरज नाही. राज्यानं २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना काढली, रोजगार हमीतून कामं करायची म्हणून, ग्रामसभेत तुमची पाणंद यादीत घालायला सांगा, त्यात व्हीलचेअरचा उल्लेख करायला लाजू नका.

उतार मात्र सहज बदलता येत नाही. इमारतीच्या रॅम्पला १:१२ म्हणतात, म्हणजे बारा फुटाला एक फूट चढ. ओढ्याकाठची वाट १:५, १:६ सहज असते. तो चढ एकट्यानं चढायचा नाही असं मी ठरवून टाकलंय, तिथं माणूस लागतो, त्यात कमीपणा काही नाही.

बरं, पुढच्या चाकाकडे येतो.

साध्या खुर्चीला पुढं पाच इंची किंवा आठ इंची चाकं असतात, कॅस्टर म्हणतात त्याला. आता वाटेत तीन सेंटिमीटर उंचीचा दगड आहे असं धरा, काही फार नाही, अंगठ्याएवढा. पाच इंची चाकाला त्यावर चढवायला त्या चाकावर जेवढं वजन आहे त्याच्या साधारण दीडपटीहून जास्त जोर पुढं लावावा लागतो. तोच दगड बारा इंची चाकाला पाऊणपट जोरात ओलांडता येतो. निम्म्याहून कमी! यात टायरची नक्षी, ब्रँड, कंपनी काही नाही, नुसती भूमिती आहे, चाकाचा मध्य दगडापेक्षा किती वर आहे एवढाच प्रश्न. आणि मऊ जमिनीत तर चाक अरुंद असेल तर ते नांगरासारखं माती उकरत जातं, जेवढं जास्त ढकलाल तेवढं खोल. मागून ढकलणाऱ्या माणसाचा जोर अर्धा खाली जातो ना, तो सगळा त्या दोन छोट्या चाकांवर. म्हणून रुतलेली खुर्ची मागून ढकलू नका, उलटी फिरवा आणि मोठी चाकं आधी अशी ओढत न्या. हे फुकट आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं आहे, तरी नवीन मदतीला आलेला प्रत्येक माणूस ढकलतच राहतो.

तर पुढचं चाक सुधारायचे मार्ग तीन.

एक, कॅस्टर मोठे आणि रुंद करणे. पाच इंची काढून आठ इंची हवेचे घालणे. ऐकायला सोपं वाटतं पण नुसतं चाक बदलून होत नाही, फोर्क (चाक धरणारा काटा) पण बदलावा लागतो, आणि चाकाची त्रिज्या दीड इंचानं वाढल्यामुळं पुढची बाजू तेवढीच वर येते, सीट मागं कलते. थोडी कललेली बरीच वाटते बसायला, पण चढावर मागं उलटायचा धोका वाढतो. दुसरं म्हणजे मोठा कॅस्टर वळताना टाचेला घासतो. ज्याला पायाची संवेदना नाही त्यानं हे घरी फरशीवर पूर्ण गोल फिरून, खाली कुणाला तरी बघायला लावून तपासायचं. रुंद कॅस्टरचा विचार काही नवा नाही, राल्फ हॉचकिस म्हणून अमेरिकेतले स्वतः व्हीलचेअरवर असलेले इंजिनिअर, त्यांच्या व्हर्लविंड संस्थेच्या रफरायडर खुर्चीला पुढं जाड रबरी रुंद चाकं असतात, त्याला झिम्बाब्वे व्हील म्हणतात कारण ती कल्पना तिकडची. आणि त्या खुर्चीचा पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर जास्त असतं, त्यामुळं पुढं तोंडावर पडायची भीती कमी. ज्या देशात रस्ते आपल्यासारखे तिथल्या लोकांनी लढवलेली डोकी ही, मला अशा वस्तूंवर जास्त विश्वास वाटतो.

दोन, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला: पायाच्या पट्टीला पुढं एक मोठं हवेचं चाक जोडायचं आणि दोन्ही कॅस्टर जमिनीवरून उचलून टाकायचे. खुर्ची तीन चाकी होते. अमेरिकेत फ्रीव्हील नावानं हे मिळतं, किंमत काहीशे डॉलर, वर कस्टम ड्युटी आणि पाठवणी, म्हणजे आपल्या हिशोबात एक चांगली खुर्चीच. ज्याला परवडतं त्यानं जरूर घ्यावं, काढायला-लावायला मिनिट लागतं आणि नको तेव्हा पाठीमागं अडकवून ठेवता येतं. पण ते बसतं एकसंध, न वळणाऱ्या फूटप्लेटवर, म्हणजे रिजिड फ्रेमच्या खुर्चीवर. आपल्याकडच्या फोल्डिंग खुर्च्यांना दोन वेगळे फूटरेस्ट असतात, त्यांना अ‍ॅडॉप्टर लागतो किंवा मग दोन्ही पायांना जोडणारी आडवी पट्टी.

आमच्याकडं ते वेल्डरनं केलंय. लहान मुलांच्या सायकलचं बारा इंची चाक, त्याचाच फोर्क, आणि पुढं येणारा चौकोनी पाईपचा हात. करून घेणार असाल तर तीन गोष्टी वेल्डरला चारदा सांगा. फोर्क ज्या दांड्यावर फिरतो तो दांडा सरळ उभा पाहिजे, जरा जरी तिरका झाला तर चाक एका बाजूला पडतं आणि खुर्ची सारखी तिकडंच ओढते. चाकाचा मध्य त्या दांड्याच्या थोडा मागं पाहिजे, कॅस्टरला असतो तसा, नाहीतर वेगात थरथरतं. आणि ते चाक दांड्याभोवती पूर्ण गोल फिरतं, पुढं जाताना पायाकडं असतं आणि रिव्हर्स घेताना उलटं फिरून पुढं जातं, यात कुठंच ते पायाला लागता कामा नये, म्हणजे हात तेवढा लांब पाहिजे. आमचा वेल्डर म्हणाला, "भाऊ, एवढा लांब हात वाकंल," आणि खरं होतं त्याचं, मग त्यानं खालून एक तिरका टेका दिला. कॅस्टर जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर उचलले गेले की पुरे, जास्त उचलाल तर परत सीट मागं कलणार. दारातून आत मात्र ही तीन चाकी घेऊन जाऊ नका, लांबी वाढते, वळत नाही, बाहेरच काढायची.

तिसरा मार्ग म्हणजे मुळातच तीन चाकी बनवलेली खुर्ची. मोटिव्हेशन म्हणून इंग्लंडमधली संस्था आहे, त्यांची खडबडीत जमिनीसाठीची खुर्ची तशी असते. आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या एमॉस विंटर यांची लिव्हरेज्ड फ्रीडम चेअर, हिची गोष्ट आपल्याकडं फार कमी लोकांना माहिती आहे, जयपूर फूटवाल्या संस्थेबरोबर भारतातच हिच्या चाचण्या झाल्या. हँडरिम (चाकाबाहेरची हातानं फिरवायची कडी) ढकलायची नाही, दोन्ही बाजूला दांडे आहेत, ते पुढं मारायचे. दांडा वर धरला की जोर जास्त मिळतो, चढाला किंवा मातीला, आणि खाली धरला की वेग मिळतो. गिअरबॉक्स नाही काही नाही, हात कुठं धरला एवढाच गिअर. चेन, फ्रीव्हील (वरचं जोडचाक नव्हे, सायकलच्या मागच्या चाकातलं), बेअरिंग सगळं सायकलचं, म्हणजे गावातला सायकलवाला दुरुस्त करू शकतो हाच त्यामागचा हेतू. अमेरिकेत नंतर तीच कल्पना फ्रीडम चेअर म्हणून विकायला आली पण ती तिकडच्या किमतीला. लिव्हरचा एक मोठा फायदा जो जाहिरातीत कुणी सांगत नाही: हात चिखलात जात नाहीत. हँडरिम ही चाकाला लागूनच असते, पावसाळ्यात दोन मिनिटात तळहात शेणामातीचे, आणि मग त्याच हातानं पाणी प्यायचं, कॅथेटर करायचा (लघवीची नळी घालायची), विचार करा. मी साबण आणि पाण्याची बाटली सोबत घेतल्याशिवाय निघत नाही.

आता मोटर. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनच्या निओफ्लाय आणि निओबोल्ट या २०२१ मध्ये आल्या, निओफ्लाय ही मापाप्रमाणं बनवून मिळणारी खुर्ची आणि निओबोल्ट म्हणजे तिला पुढं जोडायचा मोटरचा भाग, जोडला की तीन चाकी स्कूटर, वेग जास्तीत जास्त ताशी २५ किलोमीटर, कंपनी एका चार्जमध्ये साधारण २५ किलोमीटर सांगते. गावातल्या खराब रस्त्याला, दुधाच्या डेअरीपर्यंत, तालुक्याला, याला तोड नाही, माझ्या मित्राचं आयुष्य बदललंय त्यानं, हे अतिशयोक्ती न करता सांगतो. पण एक समजून घ्या, या सगळ्या पुढं जोडायच्या मोटरींमध्ये ओढतं ते पुढचं चाक, आणि तुमचं वजन बहुतेक मागच्या चाकांवर. सपाटीला काही जाणवत नाही. सुट्या मुरमाच्या चढाला लागलात की वजन अजून मागं सरकतं, पुढचं चाक हलकं होतं आणि जागेवर फिरायला लागतं. तेव्हा पुढं वाकून बसायचं, जमेल तेवढं पोट मांड्यांवर, आणि तरी नाही चढलं तर नाही चढलं. शेतात जायला म्हणून कुणी घेणार असेल तर घेण्याआधी स्वतःच्या चढावर ट्रायल मागा, शोरूमच्या पार्किंगमध्ये सगळंच चालतं.

अलिमकोची (केंद्र सरकारची कंपनी) कॅम्पमध्ये मिळणारी फोल्डिंग खुर्ची किंवा हाताच्या पेडलची तीन चाकी सायकल बऱ्याच जणांकडं असते. त्यांना कमी समजू नका. ती सायकल जड आहे, पण तिचं तिन्ही चाकांचं माप मोठं, म्हणून कच्च्या रस्त्यावर ती चकचकीत शहरी खुर्चीपेक्षा बरी चालते, हे मी डोळ्यानं बघितलंय. तिच्यातून उतरून पुढं काय करायचं हा प्रश्न राहतो तेवढा.

मागच्या टायरचं पण सांगतोच, नाहीतर म्हणाल सोडूनच दिलं. दुकानात जाऊन "चोवीस इंची एमटीबीचा टायर द्या" म्हणालात तर तो तुमच्या रिमवर चढणार नाही. व्हीलचेअरच्या टायरवर बारीक अक्षरात बघा, बहुतेक ३७-५४० असं काहीतरी असेल, यातलं ५४० म्हणजे रिमचं माप मिलिमीटरमध्ये. चोवीस इंची डोंगरी सायकलचं माप असतं ५०७. दोन्ही चोवीसच म्हणवतात पण तेहतीस मिलिमीटरचा फरक आहे. म्हणून टायर बदलायचा तर रिम बदलायची, आरे नवीन मापाचे घालून चाक परत बांधायचं, हब तुमचाच राहतो. हबला भोकं किती ते आधी मोजा, छत्तीस असतील तर सोपं, आपल्या सायकलच्या रिमा छत्तीसच्या सगळीकडं मिळतात. गंमत म्हणजे ५०७ च्या रिमवर दोन इंची जाड टायर चढवला की बाहेरून चाकाची उंची जवळजवळ पहिल्याएवढीच भरते, त्यामुळं सीट वरखाली होत नाही. फक्त रुंदीला टायर जाड, म्हणून बाजूच्या गार्डला घासतो का बघायचं, आणि पार्किंग ब्रेक सरकवून परत बसवायचा. चाक बांधायला जुना माणूस शोधा, ज्याला चाक हातात धरून फिरवत सरळ करता येतं असा. आमच्या तालुक्याच्या गावाला एक मामा आहेत, त्यांनी चहा पिता पिता दोन्ही चाकं बांधून दिली आणि वर विचारलं, याला घंटी नको का. प्लास्टिकची एकसंध मॅग चाकं असतील तुमच्या खुर्चीला तर यातलं काहीच होणार नाही, चाकच नवीन घ्यावं लागेल, आणि एक्सल बारा मिलिमीटरचा की अर्ध्या इंचाचा ते मोजून मगच.

हवा पूर्ण ठासून भरू नका. मातीत मऊ टायर चांगला चालतो, टायरवर जी किमान हवा लिहिलेली असते तिच्या जवळपास ठेवा. डांबरावर परत भरा, नाहीतर खांदे जातील.

आणि काटे! बाहेरच्या व्हिडिओमध्ये हिरवळीवरून, जंगलातल्या पानांवरून मस्त जाताना दाखवतात, त्यांच्याकडं वेडी बाभूळ नसते आणि सराटा नसतो. दिवाळीनंतर आमच्या पाणंदीत सराट्याचा असा सडा पडतो की साधा टायर पन्नास पावलात बसतो. ट्यूबमध्ये घालायचं पंक्चर सीलंट मिळतं, ते घाला, बारीक काट्यांना पुरतं. जुन्या टायरचा पट्टा कापून आतून अस्तर म्हणून घालतात तेही चालतं, थोडं वजन वाढतं. भरीव टायर हा शेवटचा उपाय, पंक्चर नाही पण प्रत्येक खडा थेट मणक्यात. हँडपंप मात्र खुर्चीलाच बांधून ठेवा.

चिखलाचं वेगळं प्रकरण आहे आणि ते मातीवर अवलंबून. आमच्या वरच्या मुरमाड जमिनीत पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी चालता येतं. काळ्या मातीत नाही. काळी माती चाकाला गुंडाळत जाते, फोर्क आणि चाकाच्या मधली जागा भरली की चाक फिरतच नाही, नुसतं घसरतं, तिथं रुंद टायर उलट तोट्याचा कारण त्याला जास्त माती धरते. मडगार्ड असेल तर काढून टाका, फोर्कमध्ये बोटभर मोकळी जागा पाहिजे, आणि एक चपटी काठी सोबत ठेवा. तरीही खरं सांगायचं तर काळ्या रानात जून ते सप्टेंबर जायचं नसतं, तिथं बैलं बसतात तर आपण कोण.

हँडरिम ओली झाली की हात सटकतो. यावर जुना उपाय म्हणजे सायकलची जुनी ट्यूब कापून रिमवर ताणून बसवणे. पकड एकदम चांगली येते. पण उतारावर हातानं ब्रेक लावत येताना तेच रबर हात भाजतं, चामड्याचे ग्लोव्हज घालूनच. पार्किंग ब्रेक हा चालत्या खुर्चीचा ब्रेक नव्हे, उतारावर तो कधी ओढू नका, एक बाजू आधी लागते आणि खुर्ची गर्रकन फिरते. उतार मोठा असेल तर मागं माणूस आणि खुर्ची उलटी, म्हणजे तुमचं तोंड चढाकडं. हे करताना गावातली पोरं हसतात, हसू देत.

ओढायला दोरी. पुढच्या फ्रेमला दोन्ही बाजूला बांधायची आणि ओढणाऱ्याच्या कमरेला पट्ट्यानं, हातात नाही, हातात धरली की दहा मिनिटात बोटं सोलतात. माझा पुतण्या पुढं आणि दादा मागं, अशी आमची गाडी बांधावरून जाते. बांध चढवताना दोन माणसं आणि चांगला पट्टा लागतोच, लॅपबेल्ट लावलेला नसेल तर चढवू नका. ज्यांना खरोखर डोंगर चढायचाय त्यांच्यासाठी फ्रान्समध्ये जोलेट म्हणून एकच चाक असलेली खुर्ची आहे, १९८७ मध्ये एका पर्वतातल्या गाईडनं आपल्या आजारी पुतण्याला, का भाच्याला, डोंगरात न्यायला बनवली, पुढं एक आणि मागं एक माणूस दांडे धरून चालतो. आपल्याकडच्या डोलीला चार लागतात. सह्याद्रीच्या पायवाटा दीड फुटाच्या, दोन चाकं शेजारी शेजारी मावतच नाहीत, तिथं एकच चाक हाच हिशोब बरोबर आहे. आपल्याकडच्या ट्रेकिंग ग्रुपवाल्यांनी एखादी बनवून बघावी असं मला फार वाटतं.

मागच्या एक्सलची जागा बदलता येत असेल, काही खुर्च्यांना पट्टीला चारपाच भोकं असतात, तर एक्सल पुढं घेतला की पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं, सपाट मुरमात खुर्ची हलकी चालते. पण चढाला ती मागं उलटते. मी गावाला गेलो की एक भोक मागं घेतो आणि पुण्यात परत पुढं. मागची अँटीटिपरची, म्हणजे खुर्ची मागं उलटू नये म्हणून लावलेली छोटी चाकं ओढ्यातून, बांधावरून जाताना अडकतात म्हणून लोक काढून टाकतात, मी पण काढतो, पण तेव्हा मागं माणूस असतो. एकट्यानं असाल तर राहू द्या.

शरीराचं शेवटी लिहितोय पण ते पहिलं समजा. खडबडीत वाटेवर पार्श्वभाग सारखा घासला जातो, आपल्याला कळत नाही, आणि बेडसोर (दाबानं पडणारी जखम) एकदा झाला की शेत, नोकरी सगळं सुटून महिनोन् महिने पालथं झोपायचं. हवेची गादी उत्तम पण काट्याच्या मुलखात तिला पंक्चरची भीती, म्हणून वर जाड कव्हर आणि गाडीत जुनी फोमची जोडीला. घरी आलं की आरसा धरून बघायचं, लाल डाग असेल आणि अर्ध्या तासात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी बाग बंद. पायात बूट, सॅंडल नाही, आणि पोटरीमागं पट्टा, कारण धक्क्यानं पाय फूटरेस्टवरून खाली पडतो आणि चाकाखाली येतो. बागेत खुर्ची उभी करताना खाली मुंग्यांचं वारूळ नाही ना बघा. तांबड्या मुंग्या पँटमधून चढतात, चावतात, आणि तुम्ही मस्त गप्पा मारत बसलेले असता. उन्हात उभ्या राहिलेल्या खुर्चीची लोखंडी फ्रेम किती तापते हेही हातानं तपासून मग बसायचं.

समुद्राचं लोक हमखास विचारतात. कोकणात वरची कोरडी वाळू ही मुरमापेक्षा वाईट, तिथं फुग्याच्या चाकांची बीच व्हीलचेअर लागते. पण ओहोटीला पाण्याजवळची ओली वाळू इतकी कडक होते की बऱ्याच किनाऱ्यांवर गाड्या फिरवतात, तिथं तीन चाकी केलेली साधी खुर्ची छान चालते. प्रश्न फक्त मधला कोरड्या वाळूचा पट्टा, तेवढा उलटं ओढून पार करायचा. चेन्नईच्या मरीना बीचवर २०२२ मध्ये पाण्याच्या जवळपर्यंत लाकडी वाट केली, तसं काही आपल्या एखाद्या किनाऱ्यावर झालं तर ही ओढाताणच संपेल. ओहोटीची वेळ ठरवायला कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला, भर उन्हात, काय उपयोगाची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी सव्वाअकरा-बाराला येते आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला, आपल्याला तीच पाहिजे, सूर्यास्तपण मिळतो. अंदाजच आहे हा, तिथल्या कोळ्यांना विचारून घ्याच.

परत आल्यावर त्याच रात्री सगळी चाकं गोड्या पाण्यानं धुवा, कॅस्टरचे फोर्क आणि एक्सल काढून पुसा, ग्रीस लावा. खारं पाणी बेअरिंगमध्ये राहिलं तर आठवड्यात करकर सुरू होते. बऱ्याच खुर्च्यांच्या कॅस्टरमध्ये ६०८ नंबरचं बेअरिंग असतं, स्केटिंगच्या चाकात असतं तेच, हार्डवेअरमध्ये किंवा मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं स्वस्तात मिळतं, जुनं एक काढून सोबत न्या म्हणजे मापाचा घोळ होत नाही. चार नवीन पिशवीत टाकून ठेवा, ट्यूबसोबत.